मेरे, मिअर आणि लासुर्ण्याचा वरवंटा

किस्से मुद्दाम गोळा करायला निघालं की एकही सापडत नाही. आणि आपण आपलं काम करत बसलो की ते आपोआप साठतात. प्रत्येक घरात एक खण असतो बघा, ज्यात जुनी बटणं, रबरबँड आणि कुठल्या तरी हरवलेल्या कुलपाची किल्ली असते. कुणी ठेवत नाही, तरी तो भरतो. माझा तो खण म्हणजे बारामतीतला माझा इंग्रजीचा क्लास.

शाळेतून रिटायर झाले तेव्हा ठरवलं होतं, आता कुणालाही काहीही शिकवायचं नाही. मग पिंपळीच्या मंगलताई आल्या. मुलगा कॅनडात, नातवंडं फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायची आणि ह्या नुसत्या हसायच्या. म्हणाल्या, "बाई, हसून हसून गाल दुखाया लागलेत. कायतरी शिकवा."

असा क्लास सुरू झाला. एस.टी. स्टँडपासून चालत येण्याजोगी माझी बाहेरची खोली, शाळेनं मोडीत काढलेली दोन बाकं, आणि ज्यांची पोरं परदेशात आहेत असे आईबाप. दुपारी चारला सुरू. पहिला चहा आला की क्लास सुटला असं समजायचं.

•

लासुर्ण्याच्या आक्का माझ्या सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी. त्यांचा रणजित न्यूझीलंडला गाईंच्या मोठ्या गोठ्यावर कामाला. आक्कांना मोटरसायकलवरून सोडायला त्यांचे मालक यायचे, दत्तात्रयराव, सगळ्या लासुर्ण्याचे आबा. सोडायला म्हणून यायचे आणि क्लास सुटेपर्यंत मागच्या बाकावर पेपर उघडून बसायचे.

"आबा, तुम्हीपण शिका की," मी म्हणायची.

"मी फक्त सोडायला आलोय."

एक दिवस मी आक्कांना विचारलं, "व्हॉट डू यू ग्रो इन युअर फार्म?" आक्का छताकडे बघायला लागल्या. पेपरामागून आवाज आला, "शुगरकेन."

मी म्हटलं, "आबा, उत्तर आक्कांना देऊ द्या."

पेपर थोडा खाली आला. "सॉरी, बाई," पेपर म्हणाला आणि परत वर गेला. पेपर कालचाच होता, हे मी बोलले नाही. माणसाची काही इज्जत असते.

•

विमानतळावर विचारतात ते प्रश्न आम्ही घोटून घेत होतो. मी ऑफिसर. आक्का समोर, पदर नीट करून उभ्या.

"व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

आक्का गप्प. परत विचारलं, परत गप्प. मागे पेपर एकदम स्तब्ध झालेला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या बाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव असं सरळ कधी घेतलेलंच नाही!

मी समजावलं, की आक्का, तिथं नाव सांगावंच लागतं. तो माणूस गोरा असतो, त्याला आपलं काही माहीत नसतं. आक्कांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

"ऑफिसर साहेबांच्या टेबलावर फाईल अन् पेन, दत्तात्रयरावांचं नाव घेते, यू लिसन देन!"

मंगलताईंनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर आबांचे फक्त कान दिसत होते, ते लाल झाले होते. मी आक्कांना पैकीच्या पैकी मार्क दिले. ऑफिसरनं दिले नसते तर त्याचं दुर्दैव.

•

यासीनभाई तांबोळींचं इंदापुरात चपलांचं दुकान. लेक इंग्लंडात दिलेली. माल घ्यायला बारामतीला यायचे आणि गाडी भरेपर्यंत आमच्याकडे बसायचे. त्यांना इंग्रजीपेक्षा शब्दांची गावं विचारण्याचं वेड. एखाद्या सोयरिकीची चौकशी करावी तशी ते शब्दाची चौकशी करत. हा कुठला, कुणाच्या घरातला, आपल्याकडे कधी आला.

"बटाटा?" मंगलताई विचारत.

"पोर्तुगीज."

"पगार?"

"त्योबी पोर्तुगीजच."

"वसूल?"

"अरबी."

"जमीन?"

"फारसी. आमच्याकडनं आली."

मागच्या बाकावरून पेपर बोलला, "मग आमचं कायतरी ठिवलंय का न्हाय?"

यासीनभाई वळून म्हणाले, "ठिवलंय की, आबा. बांध तुमचाच हाय."

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. आबांनी पेपराची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर आक्कांनी चहाच्या कपबशा विसळता विसळता मला सांगितलं. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ बापू, दोघांची वाटणी झाली तेव्हा बांधावर हद्दीचा दगड रोवला होता. पुढच्या नांगरटीनंतर तो दगड जागचा हललेला दिसला. आबा म्हणाले, "तू हलिवला." बापू म्हणाले, "तू हलिवला." तेवढीच दोन वाक्यं. त्यानंतर सख्ख्या भावांत अबोला, घरं एकमेकांना दिसतात इतकी जवळ असून. जावा-जावा बचतगटाच्या मीटिंगला भेटतात, तेव्हा पोटभर बोलून घेतात. मला ऐकूनच वाईट वाटलं. यासीनभाईंना सांगितलं तर ते पुढचे कितीतरी दिवस आबांसाठी इंदापूरहून पेढे आणत राहिले.

•

रणजितनं तिकडे लग्न केलं ते आरोहाशी. न्यूझीलंडचे मूळचे जे माओरी लोक, त्यांच्यातली पोर. लासुर्ण्यात चर्चा व्हायची ती झाली. आबांनी व्हिडिओ कॉलवर सुनेला गाई पिळताना बघितलं आणि निकाल दिला, "पोरगी धार काढती. चांगली हाय." विषय संपला.

मग नात झाली. तिकिटं आधीच काढलेली होती, दोघं जाऊन तिकडंच बारसं करणार होते. नाव आबांनी मनात कधीचं पक्कं केलेलं, त्यांच्या आईचं, मथुरा. आणि रणजितनं फोनवर सांगितलं, नाव ठेवलं. मेरे.

आबा दुसऱ्या दिवशी क्लासला आले ते धुमसतच.

"बारशाआधीच नाव? आमी काय मेलो व्हतो? आन् मेरे म्हंजी? मेरे काय? पुढचा शब्द कुठाय?"

"हिंदीतलं नसंल ते, आबा," यासीनभाई म्हणाले.

"कशातलं का असंना. मी न्हाय जायाचा. हिला जायाचं तर हिनं जावं."

त्या दिवसापासून आबांनी नातीचं नाव घेतलं नाही. "ती" म्हणायचे. "ती कशी हाय, इचार." "तिला ताप हाय का, इचार." फोन आला की जवळच बसायचे, पण कॅमेऱ्यात यायचे नाहीत.

क्लास सुटल्यावर आक्का मागे थांबल्या. म्हणाल्या, "बाई, विमान बदलायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, समदं मी करीन. पर नातीला दोघांनी मिळून बघायचं असतं. एकटीनं बघितलं तर ती मला अर्धीच दिसंल. त्या नावाचा कायतरी चांगला अर्थ काढा. त्याबिगर हे जागचं हलायचे न्हाईत."

आता मी शाळेत खडूस म्हणून प्रसिद्ध होते. पण त्या दिवशी खडूसपणा बाजूला ठेवून मी डिक्शनऱ्या काढल्या.

•

शोधायला बसले आणि हरखूनच गेले. इंग्रजीत जसंच्या तसं स्पेलिंग असलेला एक फार जुना शब्द निघाला. उच्चार मिअर. अर्थ तळं. इंग्लंडातल्या विंडरमिअरच्या शेपटाला तो अजून लोंबकळतोय. त्याच स्पेलिंगचा दुसरा एक जुना इंग्रजी शब्द निघाला, त्या तळ्याशी काही नातं नसलेला. त्याचा अर्थ शेताची हद्द. आणि जगाच्या पार दुसऱ्या टोकाला माओरी लोकांचा मेरे. तो ह्या दोन शब्दांच्या गावालाही गेलेला नाही. योगायोगानं तोंडावळा सारखा, बाकी रक्ताचं काही नाही.

मी क्लासमध्ये यासीनभाईंना आणि मंगलताईंना आधी गाठलं. ठरलं असं, की आबांना फक्त तळं सांगायचं. हद्दीचं अवाक्षर काढायचं नाही.

आबा येऊन बसले. मी सहज विषय काढल्यासारखं म्हणाले, "आबा, जुन्या इंग्रजीत त्या नावासारखाच एक शब्द आहे बरं का. तळं असा अर्थ. पाणी. किती छान ना?"

आबांनी विचार केला. "तळं म्हंजी शेततळं?"

"तसंच काहीतरी."

"कागद घातल्यालं?"

आबांच्या शेततळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद उन्हाळ्यात फाटला होता, हे मला कोण सांगणार! "नातीचं नाव शेततळं," ते स्वतःशीच म्हणाले. पण पेपर काही उघडला नाही. ऐकत होते. म्हणजे गाडी रुळावर येत होती. आणि तेवढ्यात मंगलताईंना राहवलं नाही.

"न्हाय ओ आबा, नुसतं तळं न्हाय. बांधबी म्हंत्यात त्याला. हद्दीचा जो दगड असतो ना, त्याला मिअर-स्टोन..." आणि तिथं त्यांनी स्वतःच पदर तोंडावर धरला.

आबा उठले. पेपर बाकावरच राहिला. "चला," आक्कांना म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या क्लासला आक्का एकट्या आल्या, एस.टी.नं. जन्मात पहिल्यांदा एकट्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आय केम." मला इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की मी आधी चहाच ठेवला.

•

त्या दिवशी मी त्यांना उरलेलं सांगितलं. रणजितकडून कळलं होतं, की मेरी हे नाव माओरी तोंडात गेलं की मेरे होतं, आणि आरोहाच्या पणजीचं ते नाव होतं. त्या पणजीनंच आरोहाच्या आईला वाढवलं. म्हणजे नाव ठेवलं होतं ते घरातल्या म्हातारीचंच.

आक्का म्हणाल्या, "म्हंजी त्यांची मथुराच की ही."

"आणि आक्का, माओरीत त्याच नावाची एक वस्तूपण असते." मी फोनवर फोटो काढून दाखवला. हिरव्या दगडाचं, हातात मावेल एवढं, चपटं, गुळगुळीत घासलेलं. "शस्त्र आहे हे. पण घराण्यातलं. आजीकडून, आजोबांकडून खाली येतं. कधी भांडण मिटवायचं असलं तर समोरच्याला देऊनसुद्धा टाकायचे."

आक्कांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो तर वरवंटा," त्या म्हणाल्या.

"शस्त्र आहे, आक्का."

"असंल की. आमच्या सासूबाईंनी वरवंट्यानंच चोर पळवलाता."

आक्कांचं मन मात्र भलतीकडे गेलं होतं. बारशाला घरचा वरवंटा लागतो. तो धुवायचा, तेल-कुंकू लावायचं, टोपडं घालायचं, आणि दोघी बायांनी पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या वरून, खालून एकमेकींना द्यायचा. मग बाळाशेजारी निजवायचा. पोर दगडासारखं टिकावं म्हणून.

"आन् आमचा वरवंटा बापूभावजींकडं हाय," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वाटणीत. पाटा आमच्याकडं आला, वरवंटा त्यांच्याकडं ग्येला."

मी कप खाली ठेवला. दोन शहाणेसुरते भाऊ, आणि त्यांनी पाटा-वरवंटा वाटून घेतला होता! एकाकडे पाटा न्हाणीजवळ भिंतीला टेकून उभा, दुसऱ्याकडे वरवंटा दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेला. दोन्ही घरांत चटणी मिक्सरवर.

•

आक्कांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या क्लासला आबा आले. खांद्यावर सिमेंटची पिशवी. पिशवीतून त्यांनी नवाकोरा वरवंटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवतात, तिथून घेतलेला. अजून त्याला टाकीचे पांढरे ओरखडे होते.

"घ्या. झालं का?" आबा म्हणाले. "आता जाऊ दे हिला."

आक्कांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. आमच्या सगळ्यांसमोर, शांतपणे विचारलं, "ह्याच्याशेजारी कोण निजलंय?"

आबा बघतच राहिले.

"आपल्या वरवंट्याशेजारी तुमी निजलाव. बापूभावजी निजले. रणजित निजला. ह्याच्याशेजारी कोण?"

यासीनभाई उगाच आपल्या चपलेचा अंगठा नीट करत बसले. आबांनी तो दगड परत पिशवीत घातला. पिशवीचं तोंड बांधत म्हणाले, "त्याच्या दारात मी न्हाय जायाचा."

आक्का म्हणाल्या, "मग मीबी न्हाय जायाची. कुठंच."

इतके दिवस जीव तोडून शिकलेली बाई हे म्हणाली. आबांनी तिच्याकडे बघितलं, तसं त्यांना मी कधी बघताना पाहिलं नव्हतं.

•

त्यानंतरच्या क्लासला भूतकाळाचा तास होता. काल काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. मंगलताईंनी सांगितलं, यस्टरडे आय वेंट टू मार्केट. यासीनभाईंनी सांगितलं, यस्टरडे आय सोल्ड मेनी चपला. मग आक्का उभ्या राहिल्या. मागच्या बाकावर आबा होते, पण पेपर नव्हता.

"यस्टरडे ही गो," आक्का म्हणाल्या. "ब्रदर हाऊस."

मी खडू खाली ठेवला.

"ही सिट. ब्रदर सिट. ही नो टॉक. ब्रदर नो टॉक. ब्रदर्स वाइफ मेक टी. ही ड्रिंक. ब्रदर ड्रिंक. नो टॉक." मग त्यांचं इंग्रजी संपलं आणि त्या मराठीत आल्या. "शेवटी ह्यांनी भावजयीला म्हटलं, 'वरवंटा पायजे व्हता, म्हणावं.' बापूभावजी शेजारीच बसल्याले. त्यांनी बायकोला म्हटलं, 'घिऊन जा म्हणावं. पर परत आणून द्यायचा. वाटणीत माज्याकडं आलाय.' ह्यांनी म्हटलं, 'आणतो म्हणावं.'"

"मग?"

"मग जावबाई आत ग्येली. मला वाटलं, दारामागनं काढून आणंल. तर देव्हाऱ्याजवळनं आणला. धुतल्याला, तेल लावल्याला, फडक्यात गुंडाळल्याला. बाई, नात झाल्याचं कळल्यापासनं तसाच तयार ठिवला व्हता. त्यांनीच ठिवाया लावला व्हता, बापूभावजींनी. आन् वाट बघत व्हते, कुणी मागाया येतंय का."

आक्का डोळे पुसत खाली बसल्या. मी एकही काळ सुधारला नाही. काय सुधारायचं होतं त्यात?

•

न्यूझीलंडवाले मातीच्या बाबतीत फार कडक. बुटाला चिखल दिसला तरी अडवतात, असं रणजितनं बजावलं होतं. त्यामुळे वरवंट्याच्या अंगातली वर्षानुवर्षांची हळद आणि मिरची काढणं आलं. आबांनी माझ्या गॅलरीत बसून टूथब्रशनं तो घासला. मधून मधून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून आईच्या ठेच्याचा येतोय." आणि परत घासायचे. पण मला वाटतं, शेवटी शेवटी ते घासत नव्हते, नुसता वास घेत होते.

मग रंगीत तालीम. यासीनभाई ऑफिसर, गळ्यात दुकानाची मेजर टेप. आता आबांनाही प्रश्नांची तयारी लागणार होती. सोडायला आलेला माणूस अखेर पुढच्या बाकावर आला.

"एनीथिंग टू डिक्लेअर?"

"स्टोन," आबा म्हणाले.

"व्हाय स्टोन?"

"फॉर स्लीपिंग."

मंगलताई हसून हसून खाली वाकल्या. यासीनभाईंनी हसू दाबलं, ऑफिसरला शोभेल असा चेहरा केला आणि विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

हे उत्तर आम्ही घोटलेलं होतं. टू मीट माय सन. आबा उभे राहिले. हात मागे बांधले.

"मेरे," आबा म्हणाले.

पहिल्यांदाच. यासीनभाई पुढचा प्रश्न विसरले.

•

तिकडच्या विमानतळावर वरवंटा अडवलाच. आक्कांनी नंतर फोनवर सांगितलं. ऑफिसर धिप्पाड गडी, दंडावर गोंदलेलं, सुनेच्या भावासारखाच दिसणारा. त्यानं फडकं सोडलं, दगड उलटापालटा केला, विचारलं, हे काय? आबांची दातखीळ बसली. आक्का पुढं झाल्या. "ओल्ड स्टोन, सर. मदर-इन-लॉ. बेबी नेम." त्यानं एकदा दोघांकडे बघितलं, फडकं जसं होतं तसं परत गुंडाळलं आणि वरवंटा दोन्ही हातांनी आक्कांच्या हातात दिला. नवऱ्याचं नाव त्यानं विचारलंच नाही, ही रुखरुख मात्र आक्कांना राहिली.

बारशाच्या दिवशी मी क्लास सकाळीच बोलावला, कारण तिकडे तेव्हा दुपार. मंगलताई आल्या, यासीनभाई पेढे घेऊन आले. मी फोन पुस्तकांना टेकवून ठेवत होते, तेवढ्यात दारात एक जोडपं. बाईच्या हातात डबा. माणूस आबांसारखाच, फक्त थोडा काळा आणि बारीक.

"मी बापू. लासुर्ण्याचा," ते म्हणाले. "ही म्हणाली हितनं दिसंल." आणि कुणी सांगायच्या आधी जाऊन मागच्या बाकावर बसले, बरोबर आबांच्या जागेवर. माझ्या टेबलावरचा पेपर तेवढा मागून घेतला.

फोन लागला. पाळणा झेंडूंनी सजवलेला, तिकडे झेंडू कुठून मिळाला देव जाणे. एका बाजूला आक्का नऊवारीत, दुसऱ्या बाजूला आरोहाची आई, उंच, पांढऱ्या केसांची. आक्कांनी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून दिला, "गोविंद घ्या." त्या बाईंनी तो घेतला, कपाळाला लावला आणि वरून परत दिला, "गोपाल ग्या." आक्कांनीच शिकवलं असणार, उच्चारावरून मी ओळखलं. मग त्या बाईंनी आपल्या पिशवीतून एक कापडाची गुंडाळी काढली. आतून हिरवा, चपटा, गुळगुळीत दगड निघाला. आक्कांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कुंकू लावलं, आणि तोही वरून, खालून फिरला.

नाव सांगायला रणजितला बहीण नव्हती. आबा वाकले. नातीच्या कानाशी तोंड नेलं. फोनवर काही ऐकू आलं नाही, फक्त आबांची पाठ दिसत होती, आणि ती बराच वेळ तशीच वाकलेली होती. मग सरळ होऊन त्यांनी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. मेरे. तिकडच्यांनी गाणं धरलं, इकडे मंगलताईंनी.

रणजितनं फोन पाळण्यावर आणला. एका बाजूला हिरवा दगड, एका बाजूला लासुर्ण्याचा वरवंटा, मध्ये ती. झोपली होती. एक मूठ उघडी पडून वरवंट्याच्या टोपड्यावर राहिलेली.

आबांना इकडचं काय काय दिसत होतं मला माहीत नाही. पण त्यांनी फोन रणजितकडून स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नीट बघितलं. माझ्या खोलीतला पेपर खाली झाला होता.

"बापू," आबा म्हणाले.

कुणी बायकोला मध्ये घेतलं नाही.

"तुजा दगड दिसतोय का?"

बापू बाकावरून उठून पुढं आले. टेबलावर दोन्ही हात टेकले आणि फोनमध्ये वाकून बघितलं.

"दिसतोय की," ते म्हणाले. "हलवू नगा, आबा. पोर जागी हुईल."